एका भिंतीची सात घरे

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की अजूनही डोके तापते. म्हणून कोणी कोणाला फसवले ते आधीच सांगून टाकतो. झाशीपासून पाच-सहा स्टेशने पलीकडच्या एका गावात, प्रधानाच्या, म्हणजे तिकडच्या सरपंचाच्या, जावयाने सात गरीब कुटुंबांना फसवले. पक्के घर मिळवून देतो म्हणून त्याने त्यांची मातीची घरे त्यांच्याच हातांनी पाडायला लावली. त्यांची दारे, चौकटी, वासे, कौले उचलून नेली. सरकारी कागदावर सातही घरे पूर्ण झाली. जमिनीवर एकही झाले नाही.

मी तेव्हा झाशीला रेल्वेच्या पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. वडील भुसावळहून बदली होऊन लोको शेडमध्ये फिटर म्हणून आले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. झाशीच्याच नगरा वस्तीत वाढलो, शिपाई म्हणून भरती झालो आणि एकेक परीक्षा देत वर चढलो. कोणाची चिठ्ठी घेऊन कोणाच्या दारात उभा राहिलो नाही. हे सांगायचे कारण एवढेच की नेमणुकीची पुढची बरीच वर्षे मी उत्तर प्रदेशाच्या दुसऱ्या टोकाला काढली. हिंदी माझी पक्की झाली, पण झाशीच्या खेड्यांतली बुंदेली कच्ची राहिली. त्या कच्चेपणाची किंमत एका निर्दोष माणसाने मोजली.

यार्डातली कोळशाची इंजिने एकामागून एक भंगारात निघत होती, तो काळ. यार्डाच्या टोकाला मोडीत काढलेल्या मालडब्यांची एक लांबलचक रांग उभी होती. डब्यांचे नंबर वहीत उतरवून घेणारा रेल्वेचा एक बाबू एका सकाळी ठाण्यात आला. घाबरलेला होता आणि हसतही होता.

"साहब, एक डब्बे में किवाड़ लग गया है."

"डब्याला दार असणारच," मी म्हणालो.

"लोहे का नहीं साहब, लकड़ी का. चौखट समेत. नक्काशी है, सांकल है. मैं नंबर लेने गया, सांकल हिलाई, तो अंदर से औरत पूछती है, कौन है? क्या बोलता? बोल दिया, रेलवे!"

त्याच आठवड्यात त्या गावाकडच्या ठाण्याचे पत्र आमच्याकडे आले होते. सरकारी घरकुलाच्या कामावरून एक नक्षीदार दार चौकटीसह चोरीला गेले आहे, संशयित मजूर कुटुंबासह झाशीकडे पळाला आहे, शोध घ्यावा. तक्रारदार कामाचा ठेकेदार. मला वाटले, वा! चोरी आणि चोर दोन्ही माझ्या यार्डात आयते येऊन बसले आहेत.

माझ्या ठाण्यातल्या हेड कॉन्स्टेबलला, म्हणजे आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे दीवानजींना, आणि दोन शिपायांना घेऊन मी निघालो. तो डबा अजून डोळ्यांसमोर आहे. आतली जमीन शेणाने सारवलेली, कोपऱ्यात दोन मडकी, एक पेटी, दोरीवर गोधड्या. पन्नाशीची एक बाई, तिचा नवरा, सून आणि दोन नातवंडे. मुलगा वीटभट्टीवर गेला होता. आसपासच्या डब्यांत राहणारी माणसे त्या बाईला कक्को म्हणत, म्हणजे आपल्याकडची काकू. मीही तिला कक्कोच म्हणतो.

आम्हाला पाहून ती उठली नाही. म्हणाली, "पनइयाँ बाहर उतारो."

दीवानजी बूट काढायला वाकलेसुद्धा. मी तसाच आत गेलो. पंचनामा केला, दार उखडले, मालखान्यात जमा केले आणि नवऱ्याला कोठडीत घातले. थंडीचे दिवस होते. दार गेल्यावर कक्कोने त्या उघड्या भोकावर गोधडी बांधायला घेतली, एवढे मी जाताना पाहिले.

चौकशीत म्हातारा शांत होता. अशी माणसे मला आवडत नसत. जो ओरडतो तो लवकर फुटतो.

"किवाड़ कहाँ से उठाया?"

"उठाओ नईं साब. हमाओ आय. हमाए बब्बा ने बनवाओ तो."

"तेरा है तो घर का बाकी सामान कहाँ है? लकड़ी, खपरैल?"

"पाहुने लै गए."

"कौन पाहुने?"

"पाहुने, साब."

"कितने थे?"

"एकई."

"नाम बोल."

म्हाताऱ्याने दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला आणि मान खाली घातली. "पाहुने को नाँव हम नईं लै सकत."

माझ्या मराठी कानाने ऐकले पाहुणे. बाहेरगावचा कोणी टोळीवाला पाहुणा म्हणून गावात उतरला असणार, यांनी त्याला माल दिला असणार, आणि आता त्याला वाचवत आहेत, असे मी धरून चाललो. मी टेबलावर हात आपटला, शिव्या दिल्या आणि शेवटी त्याच्या कानाखाली एक लगावली. तो धडपडला, सावरला आणि म्हणाला, "हो गओ साब? अब चाय पिबा दो."

त्या दिवशी रोजनाम्यात मी माझ्या अक्षरात लिहिले, एका अज्ञात अतिथीचा शोध चालू आहे. दोन शिपाई धर्मशाळा आणि बस अड्डा धुंडाळत फिरले. दोन दिवस फुकट गेले.

दुसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्याच्या अंगझडतीतले कागद पुन्हा चाळत होतो. त्यात एक चुरगळलेली पावती होती. आधी मी ती तिकीट समजून बाजूला टाकली होती. ती लगेजची पावती निघाली. त्यांच्या गावाजवळच्या लहान स्टेशनवर फाडलेली, वर स्पष्ट लिहिलेले, लाकडी दरवाजा एक, चौकटीसह, आणि म्हाताऱ्याचे पूर्ण नाव. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी चोरीचा माल गोणीत, गवतात, दुधाच्या कॅनमध्ये आणलेला पाहिला आहे. स्वतःच्या नावाने लगेज बुक करून आणलेला पाहिला नाही.

त्या दुपारी घरी जेवायला बसलो तेव्हा माझा चेहरा पाहून बायकोने विचारले, काय झाले? ती झाशीच्या जुन्या मराठी घराण्यातली. तिचे पूर्वज फौजेबरोबर या मुलखात आले आणि इथलेच झाले. मी वैतागून सांगितले, "एक म्हातारा आहे. त्याच्या घराचं लाकूडसामान पाहुणे घेऊन गेले म्हणतो, आणि पाहुण्याचं नाव सांगत नाही."

ती भात वाढता वाढता थांबली. "अहो, पाहुणे म्हणजे जावई."

"काय?"

"इकडे जावयाला पाहुणे म्हणतात. नाव घेत नाहीत. आमच्या आजी तुम्हालाही पाहुणेच म्हणायच्या. पाहुणे जेवले का, पाहुणे झोपले का. विसरलात?"

"मला वाटायचं, मला परका समजतात."

"म्हणून पहिलं वर्षभर आमच्याकडे तोंड फुगवून बसायचात होय!" ती हसायला लागली. मी ताटावरून उठलो.

ठाण्यात येऊन दीवानजींना विचारले. ते बिहारच्या सीमेवरच्या बलियाचे, तिकडेही जावयाला पाहुनच म्हणतात. त्यांनी शांतपणे पान तोंडात सरकवले. "हाँ साहब, दामाद. प्रधान का दामाद यानी पूरे गाँव का दामाद. हमें तो पहले दिन से पता था."

"मग बोलला का नाहीत?"

"आपने रोजनामचे में अतिथि लिखा. हमने सोचा, साहब की कोई चाल होगी."

म्हाताऱ्याला कोठडीतून काढून बाकावर बसवले आणि चहा मागवला. तो बशीत ओतून प्यायला. चूक झाली असे मी तोंडाने बोललो नाही. त्या वेळी बोलायला हवे होते.

मग कक्कोला बोलावले आणि पहिल्यांदा नीट ऐकून घेतले. ठेकेदार हा प्रधानाचा घरजावई. गेल्या वर्षी गावात सात घरकुले मंजूर झाली आणि काम त्याला मिळाले. तो दारोदार गेला आणि म्हणाला, जुने घर पाडल्याशिवाय नवे मिळणार नाही, लाकूडफाटा माझ्याकडे ठेवा, नव्या घराला लावून देतो.

"पाहुने कछू माँगें तौ नाहीं कैसें करें?" कक्को म्हणाली. "उनके पाँव परत हैं हम. उनने कही कक्को, घर पटक दो. हमने पटक दओ."

यातच सगळी मेख होती. दुसऱ्या कोणा ठेकेदाराला लोकांनी शंभर प्रश्न विचारले असते. गावाच्या जावयाला प्रश्न विचारणे म्हणजे गावाच्या लेकीचा अपमान. त्याने ते ओळखले होते आणि त्याच्यावरच धंदा उभा केला होता. एक पावसाळा गेला, नवे घर उठले नाही. म्हाताऱ्याने एका पहाटे जावयाच्या खळ्यातून फक्त आपले दार काढून गाडीवर घातले आणि स्टेशन गाठले. बाकीच्या सहा जणांना धाक बसावा म्हणून जावयाने चोरीची तक्रार दिली. स्वतःच्या पायावर त्याने मारलेली हीच एक कुऱ्हाड.

खरा पेच त्यापुढे होता. कागदोपत्री कक्कोचे घर पूर्ण झाले होते. म्हणजे तिला पुन्हा घर मिळण्याचा रस्ता जन्मभरासाठी बंद. नवरा सुटला तरी ती डब्यातच राहणार, आणि डबा भंगारवाल्याला विकला की तिथूनही उठणार.

बोलता बोलता ती म्हणाली की फाइलला लावायला म्हणून जावयाने सगळ्यांचे फोटो काढवले होते, झाशीच्या मानिक चौकातला फोटोवाला आला होता. मी त्याच दिवशी मानिक चौकात गेलो. फोटोवाला बोलका होता. मला वाटले, धमकावावे लागेल. त्याला तर कधीपासून कोणाला तरी सांगायचेच होते.

"सात घर? कौन से सात घर साहब! एक ही दीवार थी. किवाड़ बदलते गए. एक परिवार खड़ा किया, खींचा. वो किवाड़ निकाला, दूसरा टिकाया, दूसरा परिवार खड़ा किया. एक दफ़ा गेरू पोता, एक दफ़ा चूना. ठेकेदार मुझसे बोले, भैया, पास से लेना, ऊपर छत मत लेना."

"का?"

"छत होती तो लेता न साहब!"

त्याच्याकडे निगेटिव्ह शाबूत होत्या. एकाच रोलवर, एकापाठोपाठ एक, सात कुटुंबे, सात दारे. आणि सातही फोटोंत दाराच्या उजव्या हाताला भिंतीत तोच दिवा ठेवायचा कोनाडा, त्याचा तोच डावा कोपरा उडालेला. चौथ्या फोटोत कक्को उभी होती, मालखान्यातल्या त्याच दारापुढे. डोक्यावरचा पदर नीट केलेला. नव्या घरापुढे उभे राहताना माणूस जसा उभा राहतो तशी.

पुरावा हाती आला, पण जबानीत आरोपीचे नाव कोणी घेईना. इतर कुटुंबांना शोधून आणले. सगळे रडले, सगळ्यांनी सगळे सांगितले, आणि नावापाशी येऊन सगळे थांबले. पाहुने. मी चिडलो, समजावले, सौदा करून पाहिला. तुम्ही नाव द्या, तुमची दारे मी कोर्टातून सोडवतो. कक्को म्हणाली, "साब, हमाओ घर तौ गओ. बिन्नू को काए उजारें?"

बिन्नू म्हणजे गावाची लेक. त्या ठेकेदाराची बायको.

ही ओढाताण सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरने ती स्वतः आली. पंचविशीची, डोक्यावरून पदर, एकटी. तिला कोणी बोलावले नव्हते. ठाण्याच्या व्हरांड्यात कक्को बसली होती. ती थेट तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"कक्को, नाँव लै दो."

"नईं बिन्नू. तुमाओ घर टूट जैहे."

"सात घर टूट गए, तब कोऊ ने नईं सोची? तुमने मोए गोद में खिलाओ है कक्को. मैं तुमाए घर के किवार के पाछें लुकत ती. बाकी छै घर के किवार अबै हमाए खलिहान में परे हैं. मैं उतै रोटी कैसें बनाऊँ?"

मग ती मुलगी माझ्याकडे वळली आणि शुद्ध हिंदीत म्हणाली, "दरोगा जी, पहले मेरा बयान लिखिए."

मी लिहायला घेतले. आरोपीचे नाव आले तेव्हा तीही थांबली. नवऱ्याचे नाव तोंडाने घेणे तिलाही जमणार नव्हते. माझा संयम संपत आला. तेवढ्यात तिने हात पुढे केला. "कलम दीजिए." पाचवीपर्यंत शिकलेली होती. माझ्या कागदावर, मी सोडलेल्या जागी, तिने एकेक अक्षर जुळवून नवऱ्याचे पूर्ण नाव लिहिले. लिहून झाल्यावर कागद कक्कोपुढे सरकवला. कक्कोने ते वाचले नाही, तिला वाचता येत नव्हते. तिने अंगठा पुढे केला. त्यानंतर बाकीचे सहा अंगठे व्हायला पाऊण तासही लागला नाही.

अटक करायला गेलो तेव्हा जावई बाजेवर बसला होता. म्हणाला, "जानते हो, मैं इस गाँव का दामाद हूँ."

दीवानजींनी नम्रपणे हात जोडले. "तभी तो लेने आए हैं, पाहुने. चलिए, सरकारी ससुराल." मागे उभ्या गावातून कोणीतरी खुदकन हसले. खळ्यात गवताखाली उरलेली सहा दारे सापडली.

एवढ्यावर फाइल बंद झाली असती, पण घराचा प्रश्न तसाच होता. ब्लॉक ऑफिसच्या नोंदवहीत सातही नावांपुढे शब्द होता, पूर्ण. आणि प्रत्येक फाइलमध्ये तपासणी अधिकाऱ्याचा दाखला होता की मी स्वतः मोक्यावर, म्हणजे कामाच्या जागेवर, जाऊन पाहिले, काम पूर्ण आहे. खाली सही. सात दाखले, सात सह्या. मी त्या अधिकाऱ्यापुढे फोटो ठेवले. त्याने चष्मा काढून पुसला.

"इंस्पेक्टर साहब, आपका तो रेल का थाना है. पटरी से बाहर कब से चलने लगे?"

"जब से आपके मकान मालडब्बों में मिलने लगे."

त्याने चहा मागवला. मी घेतला नाही. तो म्हणाला, प्रस्ताव वर पाठवतो, वेळ लागेल. वेळ लागेल म्हणजे काय ते मला कळत होते. मी त्याच्या वरच्या साहेबाच्या खोलीत जाऊन बसलो. दाखल्यांचे अस्सल कागद मी आधीच जप्त केले होते. मी म्हणालो, नोंदवहीसुद्धा जप्त करून नेतो, मग तुमची साऱ्या तालुक्याची घरकुले अडकतील आणि जिल्ह्याहून विचारणा होईल. नाहीतर आत्ता, माझ्यासमोर, खरे काय ते तिच्यात लिहा. साहेब समजूतदार होता. दोन तास घासाघीस झाली. शेवटी त्याने पेन काढले आणि सात ठिकाणी 'पूर्ण'च्या आधी एक 'अ' लिहिला, प्रत्येक ठिकाणी तारीख घातली, सही केली. अपूर्ण. सात कुटुंबांना त्या एका अक्षराने पुन्हा घराचा हक्क दिला.

दारे परत मिळवायला मॅजिस्ट्रेटसमोर सुपूर्दनामा करावा लागला. पुढच्या होळीआधी सात घरे उभी राहिली. या वेळी ठेकेदार नको असे लोकांनीच सांगितले. विटा आणि पत्रे सरकारी पैशाने घेतले, हात त्यांचे. मी मुद्दाम पाहायला गेलो. कक्कोने उंबऱ्याशी मला अडवले आणि माझ्या बुटांकडे पाहिले. मी मुकाट्याने काढले. आत म्हाताऱ्याने बशीत चहा ओतून मला दिला. "साब, अब बराबर हो गओ," तो म्हणाला. बिन्नूने माहेर सोडले नाही. पुढे तिने गावातल्या मुलींना अक्षरे शिकवायला घेतली, असे ऐकले. जावयाला शिक्षा झाली.

या प्रकरणाआधी माझी समजूत होती की घर नसलेला माणूस फलाटावर नाहीतर फुटपाथवर दिसतो. त्या सात कुटुंबांपैकी एकही रस्त्यावर नव्हते. एक मेहुण्याच्या गोठ्यात, एक शाळेच्या व्हरांड्यात, दोन वीटभट्टीवर, एक माझ्या यार्डात, दोन नातलगांकडे कोपरा धरून. त्यांना कोणी विचारले की ती गावाचे नाव सांगत, आणि कागदावर गाव लिहिले की घर आहेच असे सगळे धरून चालत. मीही. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी पकडलेल्या प्रत्येक माणसाला विचारले, काल कुठे झोपला होतास? गाव कोणते हे नंतर. तरुण अधिकाऱ्यांना मी अजून हेच सांगतो.

आता जे अजून टोचते ते. आरोपपत्रात मी दोन नावे लिहिली होती, जावयाचे आणि त्या तपासणी अधिकाऱ्याचे. दुसऱ्यावर खटला भरायला वरून मंजुरी लागते. ती आली नाही. आला तो माझ्या नावे खुलाशाचा कागद की रेल्वे ठाण्याचा अधिकारी हद्दीबाहेर कशाला गेला, आणि पाठोपाठ बदली. तो गृहस्थ बढती घेऊन निवृत्त झाला, पेन्शन खातो. मी माझ्या चुकीचा जबाब त्या म्हाताऱ्याची बशी हातात घेऊन दिला. त्या अधिकाऱ्याचा जबाब अजून कोणीच घेतलेला नाही. मंजुरी कोणी अडवली, तेही मला कोणी लेखी कळवलेले नाही. म्हणून मी इथे जाहीर विचारतो. सात वेळा "मी स्वतः मोक्यावर जाऊन पाहिले" असे लिहिणाऱ्या माणसाने समोर यावे आणि कक्कोच्या तोंडावर उत्तर द्यावे: त्या दिवशी तू तिथे नेमके काय पाहिलेस?